गुलाब वादळ आपल्या दारात आलं, तेव्हा त्याला नाव नव्हतं

नागपूरच्या माणसाला समुद्र कुठं आहे विचारा, तो मुंबईकडे बोट दाखवेल. संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस पकडायची, सकाळी समुद्र. पण एकदा नकाशावर पट्टी ठेवून बघा. सरळ रेषेत मुंबई आपल्यापासून जवळपास ७०० किलोमीटर आहे आणि विशाखापट्टणम ६०० च्या आत. म्हणजे आपला जवळचा समुद्र बंगालचा उपसागर. आपल्या पावसाचा मोठा वाटा तिकडूनच येतो आणि अधूनमधून तिथली वादळंही येतात. फक्त ती आपल्यापर्यंत येतात तेव्हा वादळासारखी दिसत नाहीत, म्हणून आपण त्यांना वादळ म्हणत नाही.

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. दोन वादळांची गोष्ट सांगायची आहे, आणि त्यातून आपल्या गावच्या नाल्यावरच्या पुलापर्यंत यायचं आहे.

पहिलं वादळ १९८९ सालचं, आणि ते जन्मलं थेट प्रशांत महासागराच्या अंगणात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला थायलंडच्या आखातात एक लहानसं वादळ तयार झालं. त्या भागातल्या वादळांना टायफून म्हणतात, म्हणून हे टायफून. अमेरिकी नौदलाच्या टायफून केंद्रानं त्याला नाव दिलं 'गे'. आकारानं छोटं, पण अंगात जोर भलताच. ३ नोव्हेंबरला त्यानं आखातात उभं असलेलं 'सीक्रेस्ट' नावाचं तेलविहिरी खोदणारं जहाज उलटं केलं. जहाजावर ९७ माणसं होती, त्यातली ९१ गेली. दुसऱ्या दिवशी ते थायलंडच्या चुम्फोन भागात जमिनीवर चढलं. त्या चिंचोळ्या भूभागावर इतकं तीव्र वादळ कित्येक दशकांत आलं नव्हतं. जमीन आणि समुद्र मिळून तिथं ८०० च्या वर माणसं दगावली.

साधारणपणे वादळ जमिनीवर चढलं की गोष्ट संपते. पण तिथं जमिनीची पट्टी अरुंद. 'गे' ती ओलांडून पलीकडे अंदमानच्या समुद्रात उतरलं. पुन्हा गरम पाणी मिळालं, पुन्हा जोर धरला. बंगालचा उपसागर आडवा कापत ते आधीपेक्षाही भयंकर झालं आणि ८ नोव्हेंबरच्या रात्री आंध्रच्या नेल्लोर जिल्ह्यात कावलीजवळ किनाऱ्यावर आदळलं. ताशी २०० किलोमीटरच्या वरचे वारे. आंध्रात हजारो घरं पडली, साठ-सत्तर माणसं गेली.

त्यानंतर ते आत शिरलं, झपाट्यानं ढेपाळलं आणि १० नोव्हेंबरच्या सुमारास महाराष्ट्रावर येऊन विरलं.

हो, महाराष्ट्रावर. प्रशांताच्या अंगणात जन्मलेल्या, दोन समुद्रांत दोनदा तरारलेल्या टायफूनचा शेवट आपल्या राज्याच्या आभाळात झाला. आपल्याकडे याची आठवण कुणाला असेल असं वाटत नाही. कारण भारतात पोचेपर्यंत त्याचं नावच गेलं होतं. तेव्हा आपल्याकडे वादळांना नावं द्यायची पद्धत नव्हती. नोंद झाली ती 'कावलीचं चक्रीवादळ' अशी, किनाऱ्यावरच्या गावाच्या नावानं. पुढं जिथं ते संपलं त्या मुलखाचं नाव कुठंच लागलं नाही.

टायफून, हरिकेन, सायक्लोन ही तीन वेगळी भुतं नाहीत. एकच प्रकार, समुद्राप्रमाणे नाव बदलतं. 'सायक्लोन' हा शब्द तर आपल्याच देशात घडला. कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन नावाचा इंग्रज अधिकारी होता. जहाजांच्या अपघातांची प्रकरणं त्याच्याकडे यायची. वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या चाळता चाळता त्याला दिसलं की वारा सरळ वाहत नाही, सापाच्या वेटोळ्यासारखा फिरतो. त्यावरून त्यानं ग्रीक भाषेतून हा शब्द केला आणि १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात वापरला. खलाशांसाठी, हे लक्षात ठेवा. पुढं कामी येईल.

आता हे वेटोळं जगतं कसं आणि मरतं कसं, ते थोडक्यात. समुद्राचं पाणी साधारण साडेसव्वीस अंश किंवा त्याहून जास्त तापलेलं असावं लागतं. त्याची वाफ वर जाते, थंड होऊन ढग होते, आणि ढग होताना वाफेनं धरून ठेवलेली उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेनं हवा आणखी वर उचलली जाते, खाली दाब कमी होतो, चहूकडून हवा धावत येते. पृथ्वी फिरते म्हणून ती सरळ न येता वळत येते. आपल्या गोलार्धात घड्याळाच्या उलट दिशेनं. चक्र फिरत राहतं तोवर इंजिन सुरू, इंधन म्हणजे वाफ.

जमिनीवर आलं की इंधनाची नळी तुटते. झाडं, टेकड्या, घरं यांच्याशी घासून वाराही मंदावतो. काही तासांत ताशी ९० चे ५० होतात, ५० चे ३०. टीव्हीवरचा माणूस सांगतो, वादळ ओसरलं. किनाऱ्यावर रेनकोट घालून उभे असलेले वार्ताहर सामान आवरतात.

पण वरती त्या ढगांत जे पाणी भरलेलं आहे, त्याचं काय? ते कुठंही गेलेलं नसतं. वारा थकला म्हणजे एवढंच की आता ते पाणी वाहून नेणारा हमाल हळू चालायला लागला. आणि हमाल जितका हळू चालेल तितकं ओझं एकाच जागी जास्त सांडेल. किनाऱ्यावर वादळ वाऱ्यानं आणि समुद्राच्या लाटेनं मारतं. आत आलं की पावसानं मारतं, नाल्यानं मारतं.

आपल्याकडे मोजमाप मात्र वाऱ्याचं. वारा ताशी ३१ किलोमीटरच्या वर गेला की डिप्रेशन, ५० च्या वर डीप डिप्रेशन, ६२ झाला की चक्रीवादळ, आणि तेव्हाच त्याला नाव मिळतं. आपल्या समुद्रात ही नावांची पद्धत २००४ पासून आली. २०२० साली तेरा देशांनी प्रत्येकी तेरा अशी १६९ नावांची नवी यादी दिली. वारा खाली आला की नाव सुटतं. पाऊस किती पडणार आहे याचा त्या नावाशी संबंध नाही.

आता दुसरं वादळ. हे बहुतेकांना आठवत असेल, निदान त्याचा व्हिडिओ तरी.

२०२१ चा सप्टेंबर. २४ तारखेला बंगालच्या उपसागरात कमी दाब तयार झाला. २५ ला संध्याकाळी त्याचं चक्रीवादळ झालं. यादीत पाकिस्ताननं दिलेल्या नावाची पाळी होती: गुलाब. २६ ला संध्याकाळनंतर ते श्रीकाकुलम जिल्ह्यात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर चढलं. वारे ताशी ७५ ते ८५. वादळांच्या हिशेबात हे किरकोळच. आंध्र-ओडिशात लोक आधीच हलवले होते, नुकसान झालं पण आवाक्यातलं. २७ ला सकाळी ते डीप डिप्रेशन, संध्याकाळपर्यंत डिप्रेशन. बातमी संपली.

इथंच आपली सुरू झाली. सप्टेंबर संपत आला होता तरी विदर्भ-मराठवाड्यातून मान्सून परतला नव्हता. जमीन चिंब, धरणं भरलेली, नाले आधीच वाहते. त्यावर हे मेलेलं वादळ आपलं सगळं पाणी घेऊन सायकलच्या वेगानं सरकत आलं. खरंच सायकलच्या वेगानं. कलिंगपट्टणम ते आपलं उमरखेड सरळ रेषेत सातशेच्या आत, आणि हे अंतर कापायला त्याला साधारण छत्तीस तास लागले.

२८ सप्टेंबरची सकाळ. नांदेडहून नागपूरला येणारी एसटी उमरखेड सोडून पुसदकडे निघाली. वाटेत दहागावचा नाला. पुलावरून पाणी वाहत होतं. बस पुलावर गेली आणि पाण्यानं ओढून नेली. टपावर चढलेली माणसं, काठावर ओरडणारे गावकरी, हा व्हिडिओ त्या दिवशी प्रत्येकाच्या मोबाईलवर होता. गावकऱ्यांनी जिवावर उदार होऊन दोघांना काढलं. चौघं गेले.

त्या घटनेवर तेव्हा जी चर्चा झाली ती सगळी 'चालकानं बस घालायलाच नको होती' इथं थांबली. मला ती चर्चा तेव्हाही पटली नव्हती, आजही पटत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात पुलावरून पाणी असताना गाडी घालणं हा अपवाद आहे का? मागून पोरं ओरडतात, "कठडा दिसते ना, टाक गाडी." प्रवाशांना घाई, वेळापत्रकाला घाई. आणि रोजच्या ये-जा करणाऱ्या चालकाच्या डोक्यात त्या नाल्याचा रोजचा अंदाज असतो. दरवर्षी इतकं पाणी येतं, इतक्या वेळात उतरतं. त्या सकाळी त्या नाल्यात आलेलं पाणी रोजचं नव्हतं. बंगालच्या उपसागरातून उचलून आणलेलं होतं. हे त्या पुलाशी उभं राहून सांगणारं कोण होतं? हवामान खात्यानं मराठवाडा आणि विदर्भासाठी जोरदार पावसाचे इशारे दिले होते, यात शंका नाही. इशारा पुण्या-मुंबईहून निघाला, नागपूरहून निघाला, जिल्हाधिकारी कार्यालयात पोचला, व्हॉट्सअपच्या ग्रुपवर फिरला. दहागावच्या पुलाच्या दोन टोकांना दोरी बांधून 'थांब' म्हणणारा माणूस मात्र त्या साखळीत कुठंच नव्हता.

त्याच दोन दिवसांत मराठवाड्यात काय झालं ते आठवा. मांजरा धरणाचे अठराही दरवाजे उघडावे लागले. लातूर-उस्मानाबादकडे लोक पुरात अडकले, काहींना हेलिकॉप्टरनं काढलं. गुरं वाहून गेली. ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तिथली ही गोष्ट.

इशारा पुलापर्यंत का पोचत नाही, याचं उत्तर इतिहासात थोडं सापडतं. आपल्या देशातली इशाऱ्याची सगळी व्यवस्थाच मुळात बंदरांसाठी उभी राहिली. १८६४ च्या ऑक्टोबरमध्ये कलकत्त्याला जबरदस्त वादळ बसलं, हुगळीतली जहाजं काडीसारखी मोडली. लगेच पुढच्या वर्षी कलकत्ता बंदरासाठी वादळाचा इशारा द्यायची सोय सुरू झाली. मग १८६६ आणि १८७१ चे कोरडे पावसाळे, आणि त्यातून १८७५ ला भारतीय हवामान खातं. पिडिंग्टनचं पुस्तक खलाशांसाठी, इशारा जहाजांसाठी. आजही बंदरावर आकड्यांचे बावटे लागतात: अमुक क्रमांकाचा लागला तर होड्या काढू नका. कोळी बांधवाला तो बावटा कळतो. आपल्याकडच्या एसटी चालकासाठी, गुराख्यासाठी, शाळेच्या ऑटोवाल्यासाठी असा कुठला बावटा आहे?

किनाऱ्यानं मात्र स्वतःला सुधारलं, हे मान्य केलंच पाहिजे. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सरकारी आकड्यानुसारच दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्याच वर्षी त्यांनी आपत्ती व्यवस्थापनाची वेगळी यंत्रणा काढली. गावोगावी निवारे बांधले, कुणी कुणाला उठवायचं, म्हातारी माणसं कुणी न्यायची इथपर्यंत ठरवलं. २०१३ ला फायलीन आलं, दहा लाखांवर लोक हलवले, मृत्यू पन्नासच्या आत राहिले. गरीब राज्य, आपल्याइतकेच कच्चे रस्ते. करायचं ठरवलं आणि केलं.

मेलेल्या वादळाची ताकद किती असू शकते हे बघायचं तर चीनकडे बघावं लागेल. १९७५ च्या ऑगस्टमध्ये 'निना' नावाचं प्रशांत महासागरातलं टायफून तैवानवर आदळलं, तिथून चीनच्या किनाऱ्यावर गेलं. वारा ओसरला, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. त्याचे अवशेष आत, पार हेनान प्रांतात गेले. हेनान म्हणजे चीनचा मध्य, आपल्यासारखाच समुद्रापासून लांबचा मुलूख. तिथं उत्तरेकडून आलेल्या थंड हवेनं त्याची वाट अडवली आणि ते जागच्या जागी पाऊस ओतत बसलं. एका ठिकाणी चोवीस तासांत १००० मिलिमीटरच्या वर. आपल्या नागपुरात अख्ख्या पावसाळ्यात साधारण तेवढा पाऊस पडतो! टेलिफोनच्या तारा तुटल्या, धरणावरून पाणी सोडायचं का हे विचारायला वर निरोप पोचेना. ८ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर बानचियाओ धरण फुटलं. त्याच्यासोबत लहानमोठी मिळून साठच्या वर धरणं गेली. सरकारी हिशेबात २६ हजार मृत्यू. नंतरच्या रोगराई-उपासमारीसह दीड-दोन लाखांपर्यंतचे अंदाज आहेत. आणि ही गोष्ट चीननं पुढची कित्येक वर्षं दाबून ठेवली.

चेन शिंग नावाचा जलतज्ज्ञ तिथं आधीपासून सांगत होता की धरणाला दरवाजे जास्त ठेवा. बारा सुचवले होते, बसवले पाच. त्याला बाजूला सारलं गेलं. असे लोक प्रत्येक देशात असतात आणि त्यांचं प्रत्येक देशात तेच होतं.

आपल्या नेपाळचंच उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद विशाखापट्टणमवर आलं. शहर उद्ध्वस्त झालं, देशभर बातम्या. दोन दिवसांनी त्याचे उरलेले ढग हिमालयाला जाऊन भिडले आणि अन्नपूर्णा परिसरात बर्फाचं वादळ झालं. गिर्यारोहक, वाटाडे, याकवाले मिळून चाळीसच्या वर माणसं गेली. डोंगरात चालणाऱ्या त्या माणसांना बंगालच्या उपसागरातल्या वादळाची काळजी का असावी?

आता आपल्या नद्यांकडे. ३० जुलै १९९१ हा दिवस नरखेड तालुक्यात अजून कुणाला सांगावा लागत नाही. वर्धा नदीचं पाणी मोवाडमध्ये शिरलं आणि २०४ माणसं गेली. जुनी नगरपरिषद असलेलं, बाजारपेठेचं भरलेलं गाव. त्या गावाला नंतर नव्या जागी वसवावं लागलं. त्या पावसाला काही नाव नव्हतं. पावसाळ्यातल्या पावसाला कुणी नाव देत नाही, मग तो कितीही माणसं नेवो. कोकणातल्या २००९ च्या फयान वादळाचं नाव मुंबईच्या पत्रकाराला पाठ आहे. मोवाडची तारीख त्याला माहीत नसते. यात त्याचा दोष नाही, पण नावाचा महिमा कळतो.

२०२० चा ऑगस्ट अखेर तर अजून ताजा आहे. बंगालच्या उपसागरातला कमी दाब मध्य प्रदेशावर गेला, तिकडे तुफान पाऊस. आपल्याकडे पूर्व विदर्भात ऊन-सावली. तिकडच्या संजय सरोवराचं पाणी सुटलं, गोसेखुर्दचे ३३ ही दरवाजे उघडले आणि वैनगंगेनं भंडारा, ब्रह्मपुरी, गडचिरोलीकडची गावं बुडवली. इकडं पेंच-कन्हानकाठच्या गावांतही पाणी शिरलं. वर आभाळ मोकळं आणि दारात पूर. ब्रह्मपुरीकडच्या लोकांचा पहिला प्रश्न हाच होता, "पाऊस तं आला नाही, मग पाणी कुठून आलं?" पाणी समुद्रातून आलं होतं, मध्य प्रदेशमार्गे.

माणसं-गुरांनंतर पिकं. बंगालच्या उपसागरात वादळं मुख्यतः दोन हंगामांत येतात: मान्सूनच्या आधी एप्रिल-मे, आणि नंतर ऑक्टोबर-नोव्हेंबर, कधी सप्टेंबर अखेरपासून ते डिसेंबरपर्यंत. भर पावसाळ्यात वरच्या थरातले जोरदार वारे वादळाचा खांब सरळ उभा राहू देत नाहीत. आता यातला दुसरा हंगाम आपल्या शेतीच्या कॅलेंडरवर ठेवा. सप्टेंबरअखेर सोयाबीन पिवळं पडून कापणीला आलेलं. ऑक्टोबरमध्ये गंजी लागलेली, कापसाची पहिली बोंडं फुटलेली. नोव्हेंबरमध्ये भंडारा-गोंदियात धानाच्या कडपा बांधीत पसरलेल्या. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात वर्षाचा पैसा येण्याचा जो दीड-दोन महिन्यांचा काळ, नेमका तोच वादळांचा. डिसेंबर २०२३ ला आंध्रात मिचौंग आलं, ऑक्टोबर २०२५ ला मोंथा आलं. दोन्ही वेळा त्यांचा उरलासुरला पाऊस इकडं सरकला आणि शेतकरी ताडपत्री घेऊन धावला.

गुलाबच्या वेळी सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले. त्या वर्षीच्या पावसाळ्यातल्या सगळ्या अतिवृष्टीचं मिळून राज्यात ५५ लाख हेक्टरवर नुकसान झालं. सरकारनं ऑक्टोबरमध्ये १० हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं: जिरायतीला हेक्टरी १० हजार, बागायतीला १५, फळबागांना २५, तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत. सोयाबीनचं बियाणं, खत, फवारणी, निंदण, कापणीची मजुरी यांचा हिशेब ज्यानं कधी केला त्याला हे दहा हजार कुठं जातात ते माहीत आहे.

पीक विम्याचं आणखी वेगळं. त्या वेळच्या नियमात कापून शेतात पसरवलेल्या पिकाचं चौदा दिवसांपर्यंत नुकसान झालं तर भरपाईची तरतूद होती. चक्रीवादळ, वादळी पाऊस, अवकाळी पाऊस असे शब्द त्यात स्पष्ट आहेत. पण तक्रार ७२ तासांत करायची. पूल तुटलेला, वीज गेलेली, मोबाईल बंद आणि ॲपवर फोटो चढवा! सरकारी मदतीसाठी निकष महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाचा. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला तर अतिवृष्टी. मंडळात वीस-पंचवीस गावं, मापक एका ठिकाणी. मापकाच्या गावात ६० झाला आणि शेजारच्या शिवारात ९०, तर शेजारचा शेतकरी तलाठ्याच्या दारात चकरा मारत बसतो. उपसागरातल्या ढगाला मंडळाची हद्द कोण समजावणार?

माझ्या पदविकेच्या वर्गात पहिल्या महिन्यात शिकवलं होतं: बातमी जितकी जवळची तितकी मोठी. वीस वर्षं बातम्या लिहिल्यावर वाटतं, काही बातम्या दूर असतानाच वाचायला शिकलं पाहिजे. कलिंगपट्टणमला वादळ चढलं ही उमरखेडची बातमी होती, छत्तीस तास आधी मिळालेली. छत्तीस तास म्हणजे दोन रात्री आणि मधला एक पूर्ण दिवस. सोयाबीनची गंजी झाकायला, गुरं वर न्यायला, एसटीच्या आगारात 'उद्या सकाळी अमुक मार्गाच्या गाड्या थांबवा' असा कागद काढायला एवढा वेळ पुरतो. ओडिशाला याच्यापेक्षा फार जास्त वेळ मिळत नाही.

गुलाबचं पुढं काय झालं ते राहिलंच. विदर्भ-मराठवाडा भिजवून ते कमी दाबाचं क्षेत्र म्हणून गुजरातकडे सरकलं आणि खंभातच्या आखातातून अरबी समुद्रात उतरलं. आणि १९८९ च्या 'गे' सारखंच, गरम पाणी मिळताच मेलेलं वादळ उठून बसलं. १ ऑक्टोबरला त्याचं पुन्हा चक्रीवादळ झालं. मधल्या काळात जुनं नाव सुटलं होतं, म्हणून नवं मिळालं: शाहीन, यादीतलं पुढचं, कतारनं दिलेलं. ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर जाऊन आदळलं. त्या किनाऱ्यावर असं वादळ १८९० नंतर आलंच नव्हतं. वाळवंटातल्या गावांत ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस, डझनभर मृत्यू. मस्कतला आपली कितीतरी मराठी कुटुंबं आहेत. त्यांच्या दारातलं पाणी आठवडाभरापूर्वी आपल्या डोक्यावरून गेलेल्या वादळाचं होतं, हे त्यांना तरी कुणी सांगितलं असेल का कोण जाणे.

आंध्रात गुलाब, ओमानात शाहीन. मधले तीन दिवस, जे आपल्या वाट्याला आले, ते बिननावाचे.

तर आता एक काम. नागपूर, वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली, जिथून कुठून वाचत असाल तिथून तुमच्या रस्त्यावरचा असा पूल सांगा, ज्याच्यावरून पावसाळ्यात पाणी जातं. गावाचं नाव, नाल्याचं नाव, त्यावरून एसटी किंवा शाळेची गाडी जाते का, कठडे आहेत का, पाण्याची पातळी दाखवणारा रंगवलेला खांब आहे का, आणि पाणी आलं की तिथं कोण उभं राहतं. कुणीच उभं राहत नसेल तर तसंच लिहा. फोटो असेल तर टाका. तालुक्याप्रमाणे यादी करून सप्टेंबरच्या आधी एसटीच्या आगारांत आणि तहसीलमध्ये देणार आहे, पोच घेऊन. पहिलं नाव दहागावचं लिहून ठेवलंय.